आमच्या शेतातला लोखंडी पंजा

मराठी शिकविणाऱ्याने समास सोडवावेत, अलंकार ओळखावेत. लोहाराच्या दुकानात बसून लोखंडाला भोके पडताना पाहत राहू नये, असा एक संकेत समाजात रूढ आहे. गेल्या दोन हिवाळ्यांत तो आमच्याकडून मोडला गेला. शाळा सुटली की सरकारी शाळेचे हेडमास्तर घरी न जाता भट्टीसमोरच्या बाकावर का दिसतात, याविषयी जामसांवलीच्या आसपास थोडी कुजबुजही झाली. त्या कुजबुजीचा खुलासा म्हणजे हा लेख, असे वाचकांनी समजावे.

आमचा भाग दूरच्या मराठी वाचकांस बहुधा मारुतीमुळे ठाऊक असतो. पिंपळाखाली पहुडलेल्या हनुमंताच्या दर्शनासाठी मंगळवारी आणि शनिवारी नागपूर-छिंदवाड्याकडून गाड्यांची रीघ लागते. १९५६ पर्यंत नागपूर आणि आमचे सौंसर एकाच प्रांतात होते. पुढे प्रांत बदलले, २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हाही निराळा निघाला. रान मात्र तेच राहिले. एका बाजूस कापूस, दुसऱ्या बाजूस संत्र्याचे बगीचे. दर्शन घेऊन परतणारा भाविक पांढराशुभ्र कापूस पाहतो, केशरी फळे पाहतो आणि प्रसन्न होतो. कापूस वेचून झाल्यावर शेतात काय उरते, हे पाहण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. ती आमच्या धाकट्या बंधूंवर येते.

पऱ्हाटीचे दुखणे

शेतात उरते ती पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे. कमरेइतकी उंच, लाकडासारखी कठीण आणि जमिनीत घट्ट रुतलेली. आमच्या वडिलांच्या काळी ती चिमट्याने उपटीत. लांब दांड्याच्या चिमट्यात बुंधा धरावयाचा आणि दांडा टेकवून झाड उखडावयाचे. त्या काळी पऱ्हाटी हे ओझे नव्हते. वर्षभराचे सरपण होते. बायाबापड्या मोळ्या बांधून नेत, कुडाच्या भिंतीत आणि कुंपणातही ती लागे. आता घरोघरी गॅस आला. मोळी नेणारे कोणी राहिले नाही आणि चिमटा धरणारे हात कारखान्यांकडे गेले. पऱ्हाटी तेवढी दरवर्षी तितकीच उगवते.

ती तशीच उभी ठेवता येत नाही. शेवटच्या वेचणीनंतर झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्त अवस्थेत दडून राहते आणि पुढल्या हंगामात पतंग होऊन बाहेर पडते. २०१७ साली विदर्भात या अळीने जो हाहाकार उडविला, तो आमच्या सीमेवरच्या शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे. म्हणूनच शेतीतज्ज्ञ कळकळीने सांगतात की, फरदड घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत कपाशी संपवा, पऱ्हाटी शेताबाहेर काढा आणि तिचे ढीग धुऱ्यावर रचून ठेवू नका. ढीग धुऱ्यावर राहिला, तर अळी आपण शेतातून काढून शेताच्या उंबरठ्यावर आणून बसविली, एवढाच त्याचा अर्थ. काडी लावून मोकळे होणारेही आहेत. पण त्या धुरात शेताचे खतही जाते आणि शेजाऱ्याचे संत्र्याचे झाडही होरपळते.

आमच्या बंधूंचे वय बावन्न. कपाशीचे तीन एकर आणि संत्र्याची सव्वादोनशे झाडे ते सांभाळतात. तीन वर्षांपूर्वी पऱ्हाटीचा भारा उचलताना त्यांच्या कमरेत लचक भरली आणि मणक्याची गादी सरकली. डॉक्टरांनी ओझे उचलण्यास कायमची मनाई केली. त्या वर्षी भारे वहिनींनी उचलले. संध्याकाळी त्या ताट वाढावयास आल्या, तेव्हा त्यांच्या तळहातांवर ओरखड्यांची जाळी दिसत होती. बंधूंनी ती पाहिली आणि जेवता जेवता एवढेच म्हणाले, “दादा, पुढल्या साली वावर ठेक्याने देऊन टाकू.” वडिलोपार्जित शेत ठेक्याने द्यावयाचे, हे आमच्या घरात प्रथमच कोणी तोंडातून काढले होते.

वीस फुटांची वाट

बंधूंचा मुलगा आय.टी.आय.मधून फिटरचे शिक्षण घेऊन कारखान्यात नोकरी करतो. तो रजेवर आला असता हे बोलणे त्याच्या कानी गेले. घरी पंधरा अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर होता. संत्र्याच्या ओळींत सुमारे वीस फुटांचे अंतर असले, तरी फांद्या वाढल्या म्हणजे प्रत्यक्ष वाट फार तर आठ-दहा फुटांची राहते. मोठा ट्रॅक्टर तेथून जाताना फळे झाडतो, म्हणून आमच्या भागात या लहान ट्रॅक्टरांचा प्रसार झाला. त्याच्यामागे वखराची पास बांधून पऱ्हाटीची मुळे कापण्याचे काम बंधू करीतच होते. अडत होते ते पुढचे काम. कापलेली पऱ्हाटी गोळा करून उचलावयाची कशी?

मुलगा म्हणाला, “मोठे बाबा, साखर कारखान्यात ऊस उचलणारा पंजा असते. तसा लहाना पंजा आपण घरी बनवला तं?”

परदेशात लहान ट्रॅक्टरच्या तोंडाशी उचलणारे दोन बाहू असतात आणि त्यांना असा पंजा जोडतात. खाली दाताळ्यासारखे वाकलेले दात, वर उघडझाप करणारा जबडा. काटेरी झुडपे, ओंडके, पेंढ्या, काहीही त्यात धरता येते. आपल्याकडच्या लहान ट्रॅक्टरांना ते बाहू बहुधा नसतात. विकत घेऊन बसविणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. परंतु प्रत्येक ट्रॅक्टरच्या पाठीमागे अवजार जोडण्याचे तीन बिंदू असतात, आणि तेलाच्या दाबाने ते वरखाली होतात. पंजा पुढे न लावता मागे लावला तर? ट्रॅक्टर उलटा ढिगाकडे न्यावयाचा, दात ढिगाखाली सरकवावयाचे, जबडा मिटावयाचा आणि उचलावयाचे.

ही तीन बिंदूंची जोडणी हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाची देणगी. त्याच्या काळी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता साखळीने ओढीत. फाळ दगडात अडकला की ट्रॅक्टर पुढून उचलला जाई आणि चालकावर उलटे. फर्ग्युसनने नांगर आणि ट्रॅक्टर यांना एकजीव करणारी जोडणी शोधली. १९२६ साली तिचे पेटंट घेतले आणि १९३९ मध्ये फोर्डच्या ट्रॅक्टरवर ती घरोघर पोहोचली. ट्रॅक्टर पुढून उचलला जातो, हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. आम्ही ते वाचले होते, पण ध्यानात ठेवले नव्हते. त्याची हकीकत पुढे येईलच.

नांगराची आठवण

मुलाला यंत्राची भीती नव्हती, लोकांची होती. “लोक हासतीन, मोठे बाबा. भंगारातलं लोखंड जोडून हे काय केलं म्हनतीन.” तेव्हा आमच्यातला शिक्षक जागा झाला आणि आम्ही त्याला लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली.

बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिक्षक होते, बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले आणि १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. शेतकऱ्यांनी तो घ्यावयास नकार दिला, कारण लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी समजूत होती. पहिले नांगर बराच काळ तसेच पडून राहिले. लोकांचे हसणे त्यांनी युक्तिवादाने थांबविले नाही. नांगरलेले शेत बोलेल तोवर ते थांबले. पुढे औंध संस्थानाने जागा दिली आणि १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसली.

त्याच सांगली जिल्ह्यात, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी देवराष्ट्रे येथे, दत्तात्रय लोहार या कारागिराने भंगारातून एक चारचाकी गाडी बनविली. ती मोटारसायकलसारखी पायाने किक मारून सुरू होते. २०२१ च्या डिसेंबरात उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले. मात्र अशी गाडी नियमांत बसत नसल्याने केव्हातरी रस्त्यावर अडविली जाईल, हेही स्पष्ट सांगून त्यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, आणि २०२२ च्या जानेवारीत ती दिलीही. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातले मनसुखभाई जगाणी यांनी तर बुलेट मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या जागी अवजार बसवून शेत वखरले, आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांची दखल घेतली.

या गोष्टी सांगताना आम्हांला मोठा हुरूप होता. त्या साऱ्या कारागिरांनी किती वेळा मोडून पुन्हा जोडले असेल, याचा विचार मात्र तेव्हा मनात आला नाही.

तरफ, तेल आणि आकडे

आमची शाळा हिंदी माध्यमाची, घर मराठी. विज्ञानाचे शिक्षक रजेवर असले की आम्हीच वर्गावर जातो. पुस्तकातला शब्द ‘उत्तोलक’, घरचा शब्द ‘तरफ’. आणि सौंसरच्या ज्या वृद्ध लोहारमिस्त्रींकडे हे काम झाले, त्यांचा शब्द ‘सब्बल’. तिन्हींचा अर्थ एकच. टेकूपासून जितके लांब, तितके बळ कमी लागते आणि हालचाल अधिक होते.

पंजाचा आराखडा आम्ही तिघांनी शाळेच्या जुन्या फळ्यावर खडूने काढला. खालची चौकट चार फूट रुंद, तीत सहा दात. वरचा जबडा दोन फूट लांब, मागे जाड पिनेवर फिरणारा. जबडा मिटविण्यासाठी तेलाचा सिलिंडर, ज्याला आमच्याकडे ‘जॅक’ म्हणतात.

मुलगा प्रथम ५० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर आणावयास निघाला. आम्ही त्याला बसवून गणित मांडावयास लावले. व्यास ५ सेंटिमीटर म्हणजे तोंडाचे क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर. ट्रॅक्टरच्या तेलाचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलो. गुणाकार केला तर २,९४० किलो बळ! सिलिंडर पिनेपासून १५ सेंटिमीटरवर जोडला आणि जबड्याचे टोक ६० सेंटिमीटरवर, म्हणजे टोकाशी त्याचा चौथा हिस्सा. तरीही ७३५ किलो. पऱ्हाटी धरावयास एवढी मूठ कशाला? एवढ्या बळाने पऱ्हाटी चिरडण्याऐवजी आमचेच दात वाकले असते. शेवटी ४० मिलिमीटरचा सिलिंडर घेतला आणि त्याच्या झडपेचा दाब ६० वर बांधून घेतला. टोकाशी बळ आले १८८ किलो. तेवढे पुरून उरले.

झडपेचे काम मात्र घरी केले नाही. ट्रॅक्टरच्या तेलाची वाट फोडणे हे जाणत्याचे काम, म्हणून ते ट्रॅक्टरच्या मिस्त्रीकडून करवून घेतले. जोडीला तेल उलटे फिरू न देणारी झडपही सिलिंडरला बसविली, म्हणजे नळी फुटली तरी मिटलेला जबडा अचानक उघडू नये.

राखेचा धडा

दातांसाठी भंगारवाल्याकडून ट्रकच्या कमानीचे जुने पाटे आणले. लवचिक पोलाद, मूळचाच छान बाक; मुलगा खूश झाला. त्याने ते चौकटीवर ठेवले, साध्या कांडीने वेल्डिंग केले आणि दुसऱ्याच दिवशी पंजा शेतात नेला. पहिल्या ढिगात काही झाले नाही. दुसऱ्या ढिगात एक दात तुटला, तिसऱ्यात आणखी दोन. वेल्डिंगचा सांधा जसाच्या तसा होता. तुटले होते ते सांध्याला लागूनचे पोलाद, आणि तेही काचेसारखे, तुकड्याच्या तोंडाशी दाणेदार चमक दाखवीत.

धुऱ्यावर उभे असलेले चार लोक हसले. मुलाने तुटके दात गोणपाटात गुंडाळले आणि कोणाशी न बोलता घरी आला. रात्री तो आईला म्हणाला, “मी उद्या ड्यूटीवर चाल्लो.”

सकाळी ते गोणपाट घेऊन आम्ही मिस्त्रींकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे, शिक्षण दुसरीपर्यंत. तुकडा हातात घेऊन त्यांनी तो उजेडात फिरविला आणि म्हणाले, “गुर्जी, कमानीचं पोलाद मोठं तापट असते. थंड्या लोखंडावर कांडी मारली, मंग तसंच वाऱ्यावर सोडलं. कडक झालं अन् तडकलं. याले आधी तापवा लागते, अन् मंग राखेत निजवा लागते.”

पुस्तकात हेच निराळ्या शब्दांत आहे. कमानीच्या पोलादात कार्बन जास्त असतो. वेल्डिंगची जागा प्रखर तापून भोवतालच्या थंड लोखंडामुळे झटकन निवते, आणि सांध्याच्या कडेचा पट्टा कठीण पण ठिसूळ होतो. उपाय म्हणजे आधी सगळा भाग तापविणे, ओलावा नसलेली योग्य जातीची कांडी वापरणे आणि सांधा सावकाश निवू देणे. मिस्त्रींनी भट्टीत दात तापविले. मुलाने मिस्त्रींच्या सांगण्यावरून पण कारखान्यात शिकलेल्या हाताने, निराळी कांडी सुकवून घेऊन, वेल्डिंग केले. मग सहाही दात भट्टीच्या राखेत पुरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोणी त्यांना हात लावला नाही. मुलगा ड्यूटीवर गेला नाही. रात्री दोनदा उठून तो राख अजून कोमट आहे का ते पाहून आला, असे वहिनींनी मागाहून सांगितले.

ते सहा दात आजतागायत शाबूत आहेत. मिस्त्रींची मुले मात्र त्या धंद्यात नाहीत. राखेत किती वेळ ठेवावयाचे, हे त्यांनी कधी लिहून ठेवले नव्हते. आमच्या पुतण्याने ते आता वहीत लिहून घेतले आहे.

दुसरी तरफ

पऱ्हाटी आठ दिवसांत निघाली. संत्र्याच्या झाडांची सल, म्हणजे वाळक्या काटक्या, छाटून झाल्यावर तिचे ढीगही पंजाने उचलले. हसणाऱ्यांपैकी दोघे आपली पऱ्हाटी न्यावयास सांगू लागले. आम्हांला अभिमान वाटू लागला, आणि येथेच आमची चूक झाली.

नाल्याकाठी वादळात पडलेली एक ओली बाभूळ होती. बंधू एकटेच शेतात होते. पंजा आहे, मग उचलावी, असे त्यांच्या मनात आले. खोड पंजात धरले, उचलले आणि काठाच्या चढावर ट्रॅक्टर पुढे घेतला. एकाएकी पुढची दोन्ही चाके जमिनीवरून हातभर उचलली गेली. सुकाणू फिरवून उपयोग नव्हता, कारण फिरणारी चाकेच हवेत होती. मागे नाला. बंधूंनी क्लच दाबला आणि पंजा खाली सोडला. ट्रॅक्टर धाडकन पुढे टेकला. त्यांना कोठे इजा झाली नाही. परंतु ही गोष्ट त्यांनी दोन दिवस घरात कोणाला सांगितली नाही, आणि सांगितली तेव्हा त्यांचा आवाज स्थिर नव्हता.

आम्ही त्या रात्री झोपलो नाही. जबड्याची तरफ आम्ही फळ्यावर काढली, तिचे आकडे मांडले, त्याबद्दल शाबासकी घेतली. पण ट्रॅक्टर ही स्वतःच एक तरफ आहे, मागचे चाक हा तिचा टेकू आहे आणि त्या तरफेच्या मधोमध आपला सख्खा भाऊ बसलेला आहे, हे आमच्या ध्यानी आले नाही. फर्ग्युसनची गोष्ट मुलाला रंगवून सांगणारे आम्हीच होतो.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर धर्मकाट्यावर नेला. आधी सगळा, मग नुसती पुढची चाके काट्यावर ठेवून वजन घेतले. सगळे ८०० किलो; त्यातले पुढच्या चाकांवर ३२०. दोन्ही चाकांच्या आसांमधले अंतर दीड मीटर. पंजाचे वजन ११० किलो आणि त्याचा भार मागच्या आसाच्या मागे सव्वा मीटरला थोडा कमी, १.२ मीटरवर. बाभळीचे खोड आमच्या अंदाजाने अडीचशे किलोचे. म्हणजे मागे ३६० किलो. त्याला १.२ ने गुणून दीडने भागले तर पुढच्या चाकांवरून २८८ किलो उतरले. उरले केवळ ३२ किलो. चढावर तेवढेही कोठले उरणार?

सुकाणू ताब्यात राहावयाचे असेल, तर एकंदर वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर असावा, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. आम्ही पुढच्या बाजूस, आसाच्या अर्धा मीटर पुढे, ६० किलोची लोखंडी वजने टांगली. ती पुढे असल्याने चाकांवर ८० किलोचे काम करतात. आणि पंजात ९० किलोपेक्षा अधिक भार धरावयाचा नाही, असे ठरविले. आता हिशेब असा बसतो: पुढच्या चाकांवर २४० किलो, एकंदर वजन १,०६०, पाचव्या हिश्शाहून थोडे अधिकच. पऱ्हाटीचा पंजाभर ढीग दिसावयास मोठा, पण काट्यावर पन्नास-साठ किलोंच्या वर गेला नाही. धोका तिच्यात नाही; लहान दिसणाऱ्या ओल्या लाकडात आहे. पंजाच्या चौकटीवर मुलाने पांढऱ्या रंगाने मोठे ‘९०’ लिहिले आहे, आणि खाली ‘ओले लाकूड नाही’.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकविली. पैशाच्या उधळपट्टीपलीकडे तिचा काही अर्थ असेल, असे कधी वाटले नव्हते.

करू पाहणाऱ्यांसाठी

या मासिकाचे अनेक वाचक इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे अशा ठिकाणी राहतात आणि त्यांचे भाऊबंद गावी शेती करतात. कोणी असे काही करू पाहील, म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी येथे नोंदवितो.

ट्रॅक्टर आधी काट्यावर न्यावा, लोखंड नंतर विकत घ्यावे. आम्ही उलटे केले. आपल्या ट्रॅक्टरची उचल किती, हे त्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. परंतु तो आकडा मागच्या दांड्यांच्या टोकाशी असतो, भार जसा मागे जाईल तशी उचल घटते. पंजा शक्य तितका ट्रॅक्टरला चिकटून असावा आणि चालताना जमिनीपासून वीतभरच उंच ठेवावा.

तेलाची नळी कोठे गळते हे पाहण्यासाठी हात फिरवू नये, पुठ्ठा फिरवावा. सुईएवढ्या छिद्रातून दाबाने उडणारे तेल कातडी भेदून आत शिरते. बाहेर केवळ टोचल्यासारखे दिसते आणि आत बोट सडण्याची वेळ येते. तसे झाले तर दुखत नाही म्हणून वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. ट्रॅक्टरवरून उतरताना पंजा जमिनीवर टेकवून यंत्र बंद करावे. उचललेल्या पंजाखाली कोणी, विशेषतः मुलांनी, क्षणभरही जाऊ नये. दुरुस्तीसाठी आत हात घालणे भागच असेल, तर खाली लाकडी ठोकळे रचावेत. तेलावर विसंबू नये.

आणि जेथे आपले ज्ञान संपते, तेथे माणूस शोधावा. आमच्या बाबतीत एक माणूस आय.टी.आय. शिकलेला होता, एक दुसरी शिकलेला. दोघांपैकी एक जरी नसता, तरी हा पंजा उभा राहिला नसता. खर्च एकंदर २८,००० रुपये आला. त्यात तुटलेल्या दातांचा आणि पुन्हा केलेल्या कामाचा खर्चही धरला आहे, कारण तोही खर्चच.

पोळ्याच्या दिवशी

यंदा पोळ्याला आमच्या घरी बैल नव्हते. शेवटची जोडी चार वर्षांपूर्वी गेली. तरी वहिनींनी अंगणात पाट मांडला. वखराची जुनी पास, वडिलांचा चिमटा आणि पंजा धुऊन पुसून ठेवला. चिमट्याचे दोन दात आणि पंजाचे सहा, शेजारी शेजारी. मिस्त्रींना मुद्दाम बोलावणे धाडले होते. ते आले, पुरणपोळी जेवले आणि जाताना पंजाच्या पिनेवर बोट फिरवून मुलाला म्हणाले, “ग्रीस टाकत जाय बाप्पा, सुकी हाय.”

मुलगा नोकरीवरच आहे. नोकरी सोडून ये, असे त्याला आम्ही म्हटले नाही आणि बंधूंनीही म्हटले नाही. तो पौष महिन्यात आठ दिवसांची रजा काढून येतो, पऱ्हाटी काढतो, दोन शेजाऱ्यांचीही काढून देतो. पऱ्हाटीचा भुसा करून कांड्या बनविणारे ती आता विकत नेतात. त्यातून डिझेलचा खर्च निघतो. शेत ठेक्याने देण्याची गोष्ट बंधूंनी पुन्हा काढलेली नाही. वहिनींचे तळहात यंदा बरे आहेत.

गेल्या आठवड्यात शाळेत तरफेचा पाठ होता. मुलांना आम्ही सब्बल आणि दगड न दाखविता शेतावर नेले, ट्रॅक्टर दाखविला आणि टेकू कोणता ते ओळखावयास सांगितले. बहुतेकांनी जबड्याच्या पिनेकडे बोट केले. सहावीतली एक मुलगी मागच्या चाकाकडे पाहत उभी होती. तिला आम्ही विचारले, “का गं?” ती म्हणाली, “गुरुजी, जास्त उचललं तं हा पूर्ण ट्रॅक्टरच झुकन ना?”

बंधू शेजारीच उभे होते. त्यांनी तिच्या हातात दोन संत्री ठेवली.